एकाच उतारावर तीन वाण : २०२३च्या ऑगस्टमधला भुईमूग

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. "शेंगंनं मान टाकली बघ. उसाचं पाणी तोडून हिकडं आणू का नको, ते तरी सांग." मी कृषी पदवीधर, त्यामुळे घरात पिकाचा प्रश्न आला की मला विचारायचं असं ठरूनच गेलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात पोचले. पुढचे अडीच महिने जे पाहिलं, ते इथे मांडते आहे. हा प्रयोगशाळेतला प्रयोग नाही. एका शेतकऱ्याच्या एका रानातला एक खरीप आहे, आणि त्याला जेवढं वजन द्यायला हवं तेवढंच द्यावं. पण 'दुष्काळात तग धरणारा वाण कोणता' हा प्रश्न आपण अर्धाच विचारतो, हे मला त्या रानाने दाखवलं. उरलेला अर्धा प्रश्न असा : ताण पिकाच्या कितव्या दिवशी आला?

रान कागल तालुक्यात, दूधगंगेच्या काठापासून वर माळाला. नदीकाठच्या मळीत मामांचा ऊस असतो. माळावरच्या दीड एकरात दर खरिपाला शेंगा असतात, घरच्या तेलासाठी आणि चटणी-कुटासाठी. कोल्हापूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पंचगंगेचा पूर येतो. पण हा जिल्हा पावसाच्या बाबतीत एकजात नाही. गगनबावड्याला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि शिरोळकडे पाचशे-सहाशेवर भागवावं लागतं. कागलचा माळ या दोन्हींच्या मधला, आणि मुरमामुळे शिरोळच्या अंगाला झुकलेला. पाऊस चांगला झाला तरी तो जमिनीत राहत नाही.

त्या दीड एकराला उतार आहे. वरच्या अंगाला वीतभर मातीखाली मुरूम लागतो. मधल्या पट्टीत हातभर तांबूळ माती आहे. खालच्या बांधाला कमरेएवढी काळी. मामांनी वर जेएल-२४ पेरला होता, मध्ये टीएजी-२४ आणि खाली कोयना. कोयनेचं बी थोडं उरलं, ते वरच्या टोकाला सहा तासांत, म्हणजे पेरणीच्या सहा ओळींत, टाकून दिलं. ती सहा तासं पुढे फार उपयोगी पडली.

वाणांची ओळख, थोडक्यात

जेएल-२४ म्हणजे फुले प्रगती. जळगावच्या केंद्रातून १९७८ साली आलेला उपट्या, म्हणजे उभ्या वाढीचा वाण, ९० ते ९५ दिवसांत निघणारा. हा वाण आफ्रिकेतही पोचला, मलावीत तो 'काकोमा' नावाने पेरतात. लवकर येतो म्हणून अवर्षणाच्या भागात त्याला मान. टीएजी-२४ हा तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून दिलेला, १९९१चा. तोही उपट्या, पण ठेंगणा, आणि खरिपात शंभर-एकशे पाच दिवस घेणारा. कोयना म्हणजे बी-९५, निमपसऱ्या (फांद्या अर्धवट भुईवर पसरणारा), चार महिन्यांवर जाणारा. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या लोकांचा हा हक्काचा वाण. मामांच्या आई खालच्या बांधाला कायम पसऱ्या किंवा निमपसऱ्याच पेरायच्या, म्हणून मामाही तेच करतात.

त्या वर्षी मिरगानं दगा दिला. पेरणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात झाली, तिन्ही वाण एकाच दिवशी कुरीने. जुलैत मात्र पावसाने उसंत दिली नाही. कोळपणीला वाफसा मिळेना. पीक हिरवंगार आणि माजलेलं दिसत होतं, आणि मामा खुशीत होते. मला पुढे वाटलं, घोटाळ्याची सुरुवात तिथेच झाली. वर मुबलक ओल असली की मुळांना खाली जायची गरज पडत नाही. भुईमुगाचं मूळ मनात आणलं तर मीटरभराच्याही खाली जातं, पण त्याला कारण लागतं. उन्हाळी भुईमुगात अनुभवी शेतकरी पेरणीनंतर विसाव्या-पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मुद्दाम पाणी तोडतात. त्या बेताच्या ताणाने वाढ थोडी थबकते, मूळ खाली उतरतं, आणि पुन्हा पाणी दिलं की फुलं एकदम, थव्याने येतात. आमच्या रानाला हा ताण मिळायला हवा होता तेव्हा धो-धो पाणी होतं, आणि पाणी हवं होतं तेव्हा आभाळ कोरडं.

तो ऑगस्ट साऱ्या देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. एल निनोचं वर्ष होतं. पण आभाळातला खंड एक असला तरी आमच्या जमिनीत तो तीन वेगवेगळ्या तारखांना सुरू झाला. वरच्या मुरमात दहा तारखेच्या आतबाहेर, मधल्या पट्टीत त्यानंतर आठवड्याभराने, आणि खालच्या काळीत ऑगस्ट संपत आला तेव्हा. वाणांची तुलना करताना हे विसरलं की सगळा हिशेब चुकतो.

त्या सकाळी काय दिसलं

सकाळी साडेसातला तिन्ही वाण बरे दिसत होते. अकराच्या सुमाराला वरच्या तुकड्यातल्या जेएल-२४ची पानं मिटायला लागली. भुईमुगाच्या पानाला चार दलं असतात, समोरासमोर दोन जोड्या. ताण आला की प्रत्येक जोडी हात जोडल्यासारखी उभी मिटते, म्हणजे उन्हाला पानाचा सपाटा लागत नाही, कड लागते. ही पिकाची स्वतःला राखायची रीत आहे, त्याला लगेच मरगळ समजू नये. मरगळ कशी ओळखायची? संध्याकाळी पानं पुन्हा उघडतात का, ते बघून. वरच्या तुकड्यात संध्याकाळी सहालाही निम्मी झाडं मिटलेलीच होती. टीएजी-२४ दुपारी मिटायचा आणि पाचला उघडायचा. कोयनेने त्या दिवशी पान मिटवलंच नाही.

"कोयनाच भारी, मी म्हणत न्हवतो?" मामा म्हणाले. मी त्यांना वरच्या टोकाच्या सहा तासांकडे नेलं. तिथेही कोयनाच होता, पण मुरमावर. त्याची गत जेएल-२४सारखीच होती, किंबहुना जास्त वाईट. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. खालच्या कोयनेचं जे कौतुक आम्ही करत होतो, त्यातला मोठा वाटा काळ्या मातीचा होता.

मग मी मातीत बसले आणि झाडांच्या बुंध्याशी बघायला लागले. भुईमुगाचं फूल पहाटे उमलतं, आपलं आपल्याशीच फळतं आणि दुपारपर्यंत कोमेजतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. फुलाच्या तळातून आरी निघते, खाली वळते, टोक जमिनीत खुपसते, आणि मातीत गेल्यावरच तिथे शेंग धरते. आरीला जमीन मऊ लागते. जेएल-२४च्या एका झाडाला मी हात लावला. आठ-नऊ आऱ्या जमिनीपासून बोटभर वर थांबलेल्या होत्या. जांभळट, टोकं वाळून काळी पडलेली. दोन आऱ्या जमिनीला टेकल्या होत्या, पण वरचा पापुद्रा इतका कडक की त्या टेकून वाकल्या होत्या, खिळा दगडावर वाकावा तशा. खाली खणलं तर जुलैच्या ओलीत शिरलेल्या आऱ्यांच्या शेंगा होत्या. टरफल पुरं वाढलेलं, आत दाणा हरभऱ्याच्या डाळीएवढा, पाणचट.

आणि मातीवर पांढरे ठिपके होते. मामांनी चाळिसाव्या दिवशी शिफारशीप्रमाणे जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचं खत, टाकलं होतं. त्यातलं निम्मं तसंच पडून होतं. भुईमुगाच्या शेंगेला कॅल्शियम मुळातून फारसं मिळत नाही. वाढणारी शेंग ते स्वतःच्या टरफलातून, भोवतालच्या ओल्या मातीतून घेते. म्हणजे खाली खोलवर ओल असली, झाड हिरवं असलं, तरी वरचा चार बोटांचा थर सुका असेल तर शेंग उपाशी राहते आणि पोचट निघते. पैसे देऊन आणलेलं जिप्सम डोळ्यांसमोर होतं आणि शेंगेला ते मिळत नव्हतं. झाडाला ताण बसणं आणि शेंगेला ताण बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानाकडे बघून वाण जोखणाऱ्याला दुसरी दिसत नाही.

पाणी कुठे द्यायचं

मामांकडे तुषार सिंचनाचा एक संच होता. उसाची एक पाळी मागे सारून रात्रीतून पाणी माळावर चढवता येणार होतं, तेही एकदाच. सगळं रान भिजणं शक्य नव्हतं. मामांचं म्हणणं, वरच्या जेएल-२४ला द्यावं, कारण तो मरायला टेकलाय. माझं म्हणणं टीएजी-२४ला द्यावं. पीक सत्तावन्न-अठ्ठावन्न दिवसांचं होतं. टीएजी-२४च्या आऱ्या त्या आठवड्यात जमिनीत शिरायच्या बेतात होत्या, आणि तिथे दिलेलं पाणी सगळ्यांत जास्त शेंगा करणार होतं. जेएल-२४ची वरची आरी वाळून गेली होती. तिथे पाण्याने नवीन शेंग लागली नसती, फक्त आधीची पोसली असती.

वाद मिटला तो पायपांच्या लांबीने. पायपा उताराच्या उभ्या रेषेतच बसत होत्या. त्यामुळे वरून खालपर्यंत तिन्ही वाणांतून जाणारा एक उभा पट्टा भिजला आणि दोन्ही बाजूंचं रान कोरडं राहिलं. वरची सहा तासं पट्ट्याबाहेर राहिली. ठरवूनही मांडता आली नसती अशी ही मांडणी झाली : प्रत्येक वाण भिजलेला आणि न भिजलेला, शेजारी शेजारी, एकाच मातीत. त्यामुळे वरच्या वाणाशी खालच्या वाणाची तुलना करायची गरजच उरली नाही. प्रत्येक वाणाला एका पाण्याने किती फरक पडला, एवढंच बघायचं होतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस परतला. पट्टा तेव्हाही लांबून ओळखू येत होता.

काढणीला काय निघालं

जेएल-२४ ऑक्टोबरच्या सुरुवातीला उपटला. कोरड्या भागात शेंगा दिसायला बऱ्या होत्या, पण कानाशी हलवल्या की खुळखुळ वाजत. फोडल्यावर एक दाणा सुरकुतलेला आणि दुसऱ्या कप्प्यात नुसती साल, असं पुन्हा पुन्हा निघत होतं. पट्ट्यात शेंगांची संख्या फार वाढली नव्हती, पण दाणा भरला होता. म्हणजे मामांचा अंदाजही खोटा नव्हता : पाण्याने आधीच्या शेंगा पोसल्या. पण जेएल-२४चं दुसरं दुखणं तेव्हा वर आलं. सप्टेंबर सरताना कोकण किनाऱ्यालगत कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि आमच्याकडेही पावसाची झड लागली. उपट्या वाणांच्या दाण्याला सुप्तावस्था नसते. पिकलेल्या शेंगेला ओल लागली की ती जमिनीतच उगवते. उपटलेल्या झाडांवर कितीतरी शेंगांतून पांढरे मोड बाहेर आले होते.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. जेएल-२४ला 'अवर्षणाला चांगला' म्हणतात ते खोटं नाही, पण तो ताण सोसत नाही, तो ताण टाळतो. पाऊस लवकर जातो अशा भागात तो ऑक्टोबरच्या कोरडेपणाआधी आपलं काम उरकतो. आमचा ताण शेवटी नाही, मध्येच आला, आणि नेमका त्याच्या दाणे भरायच्या दिवसांत. ज्याचं सगळं आयुष्य नव्वद-पंच्याण्णव दिवसांचं, त्याचे चार आठवडे गेले तर भरपाईला दिवस उरत नाहीत. आणि खंडानंतर आलेल्या पावसाचा त्याला उपयोग होण्याऐवजी तो पाऊस त्याच्या मुळावर उठला.

टीएजी-२४मध्ये पट्टा आणि कोरडं रान यांतला फरक सगळ्यांत मोठा होता. पट्ट्यातल्या आऱ्या एकाच वेळी शिरल्या, शेंगा एकाच वयाच्या, झुबक्याने बुंध्याशी लागलेल्या. बायका शेंगा तोडताना म्हणत होत्या, हात भरतोय. कोरड्या भागात शेंगा थोड्या, पण जेएल-२४पेक्षा भरीव. खंडात तो थांबला होता, पाऊस आल्यावर त्याने उरलेल्या दिवसांत काही आऱ्या कामाला लावल्या.

या वाणाबद्दल माझ्या मनात बरीच वर्षं चुकीची समजूत होती. मला वाटायचं, टीएजी-२४ पाणी काटकसरीने वापरतो. प्रत्यक्षात पानांतून उडालेल्या प्रत्येक लिटर पाण्यामागे किती वाढ होते, या मोजमापात तो कमी पडणाऱ्या वाणांत मोडतो. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत या गुणाचा अभ्यास करायला त्याचा संकर आयसीजीव्ही ८६०३१ या काटकसरी वाणाशी केला होता, कारण दोघं या बाबतीत दोन टोकांना होते. मग टीएजी-२४ उत्पन्न कुठून देतो? कमावलेल्यातून शेंगांना वाटा मोठा देऊन. उत्पन्नाचा हिशेब तीन आकड्यांचा गुणाकार असतो : झाडातून गेलेलं पाणी, त्या पाण्यातून झालेली वाढ, आणि त्या वाढीतला शेंगेत गेलेला वाटा. टीएजी-२४ तिसऱ्यावर जगतो. ठेंगणं झाड, पाला कमी, कमाई शेंगेत. असा वाण एक पाणी मिळालं तर सोनं करतो, पण पाणी न मिळता नुसता सोसत राहील अशी अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

कोयना दिवाळीच्या आधी काढला. खालच्या काळीत भिजलेला पट्टा आणि बाकीचं रान यांत मला नजरेने फरक सांगता आला नाही. त्याचा फुलोरा लांबतो. ऑगस्टमधली काही फुलं वाया गेली तरी सप्टेंबरच्या पावसानंतर त्याला पुरे सात आठवडे मिळाले, फांद्या भुईवर टेकलेल्या, नव्या आऱ्यांना जमीन जवळ. सप्टेंबरअखेरच्या झडीतही शेंग उगवली नाही, कारण निमपसऱ्या-पसऱ्या वाणांच्या दाण्याला सुप्तावस्था असते. वरच्या सहा तासांतला कोयना मात्र सप्टेंबरात नव्याने हिरवा झाला, पाला भरपूर केला, आणि ऑक्टोबर उजाडल्यावर मुरमातली ओल संपली तेव्हा अर्धवट शेंगा घेऊन उभा राहिला. एकच वाण, एकच बी, दोनशे पावलांचं अंतर.

सुरकुतलेल्या दाण्यांचं काय करायचं

वाणाच्या गप्पांत ही गोष्ट मागे पडते, आणि मला ती सगळ्यांत जास्त काळजीची वाटते. ताण खाल्लेल्या, तडकलेल्या, किडलेल्या शेंगेत ॲस्परजिलस बुरशी शिरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार करते. जमीन तापलेली आणि शेंग अर्धवट सुकलेली असली की झाडाची स्वतःची राखण ढिली पडते. १९६०मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले तेव्हा दोष शेंगपेंडीत सापडला, आणि हे विष पहिल्यांदा ओळखलं गेलं. आपल्याकडे पुढे प्रक्रिया करायच्या शेंगदाण्यात त्याची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. डोळ्यांना ते दिसत नाही, आणि भाजूनही पुरतं जात नाही.

मामींनी जेएल-२४चे सुरकुतलेले दाणे वेगळे काढून ठेवले होते. म्हणाल्या, "हे घाण्याला घालू, पेंड म्हशीला व्हईल." मी त्यांना नको म्हटलं. घाण्यात विषाचा मोठा भाग पेंडीतच राहतो, आणि म्हशीने ती खाल्ली की त्याचा अंश दुधात उतरतो. दुधाची मर्यादा तर किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, कारण दूध लहान पोरं पितात. मामींना वाईट वाटलं. अन्न टाकायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं, आणि मला त्यांचं पटतंही. पण नातवंडं त्याच म्हशीचं दूध पीत होती. शेवटी मामांनी ते दाणे बांधाकडेला खड्डा काढून पुरले.

पुढच्या खरिपासाठी जे ठरलं

मामांनी मला विचारलं की आंध्रातल्या अनंतपूरचा वाण आणू का. त्यांना कुणीतरी आयसीजीव्ही ९१११४चं नाव सांगितलं होतं. पाच-साडेपाचशे मिलिमीटरच्या त्या जिल्ह्यात तो टीएमव्ही-२ या जुन्या वाणाच्या जागी आला आणि मध्यावरच्या व शेवटच्या ताणात तो चांगला ठरतो. पण तो जुलैच्या आपल्या पावसात, चिकट वाफशात आणि पानांवरच्या टिक्का रोगात कसा वागेल ते आमच्या रानात पाहिल्याशिवाय मी त्यांना सगळ्या वरच्या अंगाला पेरा असं सांगणार नाही. सहा तासं पेरा म्हटलं.

बाकी मांडणी अशी ठरली. कोयना खालच्या काळीतच, वर एक तासही नाही. वरच्या मुरमावर आणि मधल्या पट्टीत टीएजी-२४, आणि तुषारचा संच जुलैअखेर माळावर चढवूनच ठेवायचा, म्हणजे पन्नाशीच्या आसपास खंड पडला तर उसाशी भांडत बसावं लागणार नाही. जिप्सम एकदम न टाकता दोनदा, दोन्ही वेळा जमिनीत ओल असताना, आणि टाकून वर हलकी खुरपणी. जुलैत वाफसा मिळेल तेव्हा सरी पाडून जास्तीचं पाणी काढून द्यायचं, मुळं खाली जावीत म्हणून. जेएल-२४ फक्त मिरगात पेरणी साधली तरच, म्हणजे ऑगस्ट उजाडेपर्यंत आऱ्या जमिनीत गेलेल्या असतील. पेरणी जूनअखेर गेली तर त्या वर्षी तो नाही.

बी निवडायला बसलो तेव्हा मामांनी टीएजी-२४च्या भिजलेल्या पट्ट्यातलं बी वेगळ्या पोत्यात भरलं. मी म्हटलं, मामा, बी तर तेच आहे, पट्ट्यातलं असो नाहीतर बाहेरचं, गुण बदलत नाही. ते म्हणाले, "गुण न्हाई गं. हे दाणं भरल्यालं हाईत, उगवण चांगली व्हईल." ते बरोबरच होतं. पोत्यावर त्यांनी खडूने तारीख लिहिली, आणि त्याच्या खाली, पाणी दिल्याचा दिवस.